धुऱ्यालगतची पऱ्हाटी

"लिही," टेंबेकर सर म्हणाले. "तुझं अक्षर छान आहे."

मी जीपच्या बॉनेटवर कागद पसरला. बॉनेट तापलेलं होतं म्हणून हाताखाली रुमाल घेतला. नोव्हेंबरचा मधला आठवडा, सकाळचे साडेदहा, चिंचवघळ शिवारातलं माझ्या भावाचं शेत.

*पंचनामा. मौजे चिंचवघळ. आम्ही खाली सह्या करणारे पंच आज रोजी समक्ष हजर राहून लिहून देतो की*

"पंचांची नावं घाल. एक, तालुका कृषी अधिकारी."

अधिकारी शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभे राहून मोबाइल वर धरत होते. रेंज मिळत नव्हती.

"दोन, बियाणे कंपनीचे प्रतिनिधी श्री. कुलथे."

कुलथे पांढऱ्या बुटांना लागलेली काळी माती गवताला पुसत होता.

"तीन, शेतमालक दिगंबर गावंडे. चार, मी. आणि खाली लेखक म्हणून तू."

"मी पंच नाही?"

"लिहिणाऱ्यानं पंच व्हायचं नसतं गं. पद्धत आहे."

दिगंबर म्हणजे माझा दादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. माझ्या एम.एस्सी.च्या निकालाचा कागद त्यानं लॅमिनेट करून देवघरात लावला होता, आणि दर गुरुवारी वहिनी बाकी देवांबरोबर त्यालाही फूल वाहायची. तो जीपच्या पलीकडे उभा होता, हात मागे बांधून. सकाळपासून त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मला त्या कागदावर एकच वाक्य हवं होतं. या शेतात, जी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, स्वतःच्या अंगात अळी मारणारं विष तयार करते तिच्या अकरा झाडांवर, जिवंत गुलाबी बोंडअळी सापडली. बस. हे वाक्य सरकारी कागदावर चढलं की पुढचं सगळं आपोआप हलेल, असं मला वाटायचं. मी सत्तावीस वर्षांची होते.

*चतुःसीमा.*

"पूर्वेला?" सरांनी विचारलं.

"नाला," दादा म्हणाला.

"पश्चिमेला?"

"रामकृष्ण ढोक्याचं वावर."

"दक्षिणेला पांदण दिसतेच आहे. उत्तरेला?"

"तिकडं बी पांदणच. वळून येते ती."

मी लिहिलं. नाला, ढोक्यांचं वावर, पांदण, पांदण. आणि मग मान वर करून पाहिलं.

मग पाहिलं, हे खोटं आहे. मी जीपमधून उतरतानाच पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं अर्धा तास स्वतःला सांगत होते. शेताच्या चारही बाजूंना, धुऱ्याला लागून, पाच ओळींएवढा पट्टा रिकामा होता. माती उकरलेली. आतली ओल अजून वाळली नव्हती. मुळांचे पांढरे तुकडे वर आले होते. त्या पट्ट्याच्या आत बाकीची पऱ्हाटी छातीएवढी उभी, हिरवीगार, जशीच्या तशी.

चतुःसीमा. सरांनी पुढचं सांगायला सुरुवात केली होती. माझा हात थांबला होता.

*

जून महिना. ओसरीवर बियाण्याची खोकी. प्रत्येक खोक्यात दोन पुड्या, एक मोठी, एक लहान.

"या लहान पुडीत काय हाय वं, कुंदे?" दादानं विचारलं.

"साधी पऱ्हाटी. बिनविषाची."

"अन् मोठीतली विषाची?"

"आपल्याले नाही. अळीले. पानात, पातीत, बोंडात, सगळीकडं असते. अळीनं घास घेतला का तिचं आतडं फाटते."

"हे ठीक हाय. मंग साधी कायले देतात? आमी तर नांग्या भरतो तिनं."

पेरलेल्यातलं काही बी उगवत नाही, ओळीत मध्येच मोकळी जागा राहते. त्या मोकळ्या जागा म्हणजे नांग्या. त्या भरायला शेतकरी हाताशी येईल ते बी टोबतो. आमच्याकडे सगळे लहान पुडी त्यासाठीच ठेवायचे. फुकट आलेलं बी, वाया का घालवा?

"नांग्या नाही भरायच्या तिनं," मी म्हणाले. "चारी बाजूनं धुऱ्यालगत लावायची. पाच ओळी."

"अन् तिले अळी लागन ते?"

"लागू दे. खाऊ दे तिले."

दादा उकिडवा बसला होता, तो मागे कलंडून हसला. आत हाक मारली, "अवं आयकलं का? ही म्हणते, अळ्यांची पंगत बसवा धुऱ्यावर. बुंदी टाका दोन किलोची."

वहिनी हातातलं पीठ झटकत दारात आली. "मंग आहेर बी करा लागन. इचारून घ्या, लुगडं कोण्या रंगाचं आवडते त्याहीले."

मी ओसरीवर हरभरे आणि शेंगदाणे मांडले. हरभरे म्हणजे अळीपासून होणारे साधे पतंग, विषाला बळी पडणारे. शेंगदाणे म्हणजे ते, जे विष पचवतात. हजारात एखादाच. "हा एखादा आत जगला, अन् त्याले जोडीले तसाच दुसरा भेटला, तर पिल्लं सगळी विष पचवणारी. पण धुऱ्यालगत साधे पतंग शेकड्यानं असले, तर याची जोडी त्यांच्यातच लागते. पिल्लं पुन्हा मरणारी."

दादानं दोन बोटांत शेंगदाणा उचलला. बराच वेळ पाहिला.

"म्हंजे सोयरीक बाहेरची करायची."

"हो."

"भावकीत नाही द्यायची."

"हो, दादा."

"आता समजलं," तो म्हणाला, आणि शेंगदाणा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ती लहान पुड्यांतली सगळी सरकी धुऱ्यालगत टोबली. तो पुढे काडीनं भोक पाडायचा, मी बी टाकून पायानं माती ढकलायचे. पांदणीनं जाणारे हसायचे. गावात चावडीवर गोष्ट झाली की दिगू गावंडे अळ्यांचं लग्न लावतो. त्यावर तो म्हणायचा, "तुमच्या पोरांचं लागत नाही, त्याच्यापेक्षा हे बरं."

आमच्या गावात तसं करणारा तो एकटाच होता.

*

*प्रकल्पाबाबत थोडक्यात.*

सरांनी हा भाग स्वतःच घाईनं सांगितला आणि मी तो घाईनंच लिहिला. माझं काम अळ्यांचं नव्हतंच. मातीचं होतं. त्या पऱ्हाटीची पानं गळतात, मुळं कुजतात, हंगाम संपला की पऱ्हाट्या नांगरात जातात. त्यातलं विष मातीत उतरतं, काळ्या चिकण मातीला धरून बसतं. ते किती दिवस टिकतं, कधी पूर्ण जातं, गांडुळांचं काय होतं, एवढं मोजायचं. त्यासाठी सरांनी मला प्रकल्पात घेतलं होतं. दर पंधरा दिवसांनी मी दादाच्या शेतात यायचे, ठरलेल्या झाडांखालची माती नंबर घातलेल्या पिशव्यांत भरायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे.

पंचनाम्याच्या सहा दिवस आधी मी अशीच माती काढायला वाकले होते, तेव्हा डोक्याला एक फूल लागलं. पुरतं न उमललेलं, पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या आवळलेल्या. डोमकळी. आत अळी शिरली की फुलाचं असं होतं. पण ही शेताच्या पार मधली ओळ होती.

मी बोंड तोडलं. ब्लेडनं चिरलं. आत सरकीला चिकटून ती वळवळत होती. अंगावर गुलाबी पट्टे, चांगली खाऊन पिऊन धष्टपुष्ट.

त्या दिवशी अकरा झाडं सापडली. प्रत्येकाचं पान नळीत चुरडलं, पट्टी बुडवली. एक रेघ आली तर साधी पऱ्हाटी, दोन आल्या तर विषाची. अकराही पट्ट्यांवर दोन दोन रेघा. मी त्या वहीत ओळीनं चिकटवल्या, शेजारी ओळ क्रमांक, झाड क्रमांक लिहिला. अळ्या स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या. झाडांना लाल सुतळी बांधली.

दादा बाजूला येऊन उभा राहिला. बाटली उन्हात धरून पाहिली.

"धुऱ्यावरून चालत आल्या असतीन."

"अळी बोंडातून बोंडात जात नाही एवढी. ही इथंच जन्मली. इथंच जेवली."

तो पांदणीकडे पाहत होता. तिथं कंपनीचा फलक होता. त्यावर त्याचा फोटो, फेटा बांधलेला, हातात कापसाचं भरलेलं झाड. तो फोटो काढल्यावर आमच्या गावातल्या चाळीस-एक घरांनी त्याच्या सांगण्यावरून तेच बी पेरलं होतं. "दिगूभाऊ म्हणतो म्हणून," असं सगळे म्हणायचे.

"गावात नको बोलू अजून," तो म्हणाला. "तुह्या सरांले सांग आधी. मोठा माणूस हाय. ते बराबर करतीन."

सरांना मी दुसऱ्या दिवशी दाखवलं. त्यांनी वही टेबलावर उघडी ठेवली आणि एकेका पट्टीवर बोट ठेवून मोजत गेले. अकराव्या पट्टीवर बोट तसंच राहिलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "अशी नजर शिकवून येत नाही."

त्यांच्या घरी मी दोन दिवाळ्या जेवले होते. त्यांच्या बायको मला येताना डब्यात अनारसे द्यायच्या. माझ्या गळ्यातलं भिंगसुद्धा त्यांनी दिलेलं होतं.

"समिती नेऊ. रीतसर पंचनामा करू, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. तोवर कुठे वाच्यता नको. वही आणि बाटली माझ्या कपाटात ठेव."

मी ठेवली.

*

*शेतमालकाचे म्हणणे.*

"सांगा, दिगंबरराव," सर म्हणाले.

दादानं घसा साफ केला. "सदर बियाण्यासोबत आलेल्या लहान पुडीतील बी मी नांग्या भरण्यासाठी वापरले."

मी पेन उचललं नाही. माझ्या दादानं जन्मात कधी 'सदर' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"लिही ना," सर म्हणाले.

"सदर अकरा झाडं नांग्यातली होती. त्याले... त्यांना अळी लागली. पसरू नये म्हणून मी ती उपटून टाकली."

"आणि धुऱ्यालगत?" सरांनी विचारलं.

"धुऱ्यालगत काही लावलेलं नव्हतं."

"दादा," मी म्हणाले.

तो हलला नाही.

"दादा, तू पुढं काडी घेऊन होता. मी मागं बी टाकत होती. नाल्याच्या बाजूनं सुरू केलं आपण. ढोक्याचा गणपत हसत गेला तर तू त्याले म्हणाला का तुले जेवाले बोलावतो लग्नात."

कृषी अधिकाऱ्यांनी मोबाइल खिशात टाकला. "मॅडम, सगळेच नांग्या भरतात हो. आमच्या तालुक्यात धुऱ्यालगत लावणारा एक माणूस दाखवा मला."

"हा," मी म्हणाले. "हाच तो माणूस."

ते हसले. कुलथेही हसला. सर हसले नाहीत.

"मग ही माती कोणी उकरली?" मी विचारलं.

"रानडुकरं असतील," कुलथे म्हणाला. "या भागात फार वाढलीत."

"डुकरं पाच ओळी मोजून उकरतात? आणि वळणावर काटकोनात वळतात?"

"कुंदा." सरांचा आवाज हळू होता. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाशी बोलावं तसा. "आपण जे समोर आहे तेच लिहितो."

मग कुलथेनं बॅगेतून पट्ट्या काढल्या. उभ्या झाडांतली वीस झाडं तपासली. वीसही पट्ट्यांवर दोन रेघा. दहा झाडांची बोंडं चिरली. स्वच्छ. एकाही बोंडात अळी नव्हती, कारण जिथं होती ती झाडं जागेवर नव्हती. प्रत्येक बोंड चिरताना कुलथे ते अधिकाऱ्यांना दाखवायचा आणि अधिकारी, एखाद्या लग्नात साड्या पाहताना डोलवावी तशी, मान डोलवायचे.

"माझी वही," मी सरांना म्हणाले. "वहीत अकरा पट्ट्या आहेत. सगळ्यांवर दोन रेघा. ती झाडं नांग्यातली असती तर एकच आली असती. तुम्ही पाहिल्यात."

"वही कपाटात आहे. मी अजून उघडलेली नाही, गेले चार दिवस बैठकाच होत्या."

त्यांनी हे माझ्या डोळ्यांत पाहून सांगितलं. पापणीही लवली नाही.

"जेवून घेऊ आधी," अधिकारी म्हणाले. "सह्या नंतर होतील. भाऊंनी जेवण केलंय म्हणतात."

*

पाट चार होते, म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. झुणका, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. कुलथेनं ठेच्याची तारीफ केली. अधिकाऱ्यांनी भाकरीची केली. वहिनी वाढत होती आणि मी तिच्या हातांकडे पाहत होते. तळव्यांवर फोड आले होते, दोन फुटलेले, हिरवट काळ्या डागांनी भरलेले. पातेलं ती बोटांच्या टोकांनी धरत होती.

"सर, घ्या ना अजून," ती म्हणाली. "आज तरी सावकाश जेवा. परवा तर नुसत्या चहावर पळाले तुम्ही."

सरांचा हात भाकरीवर थांबला.

कुलथेनं ताकाचा पेला उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. तिला कळलं की आपण काहीतरी बोलून बसलो, पण काय ते कळलं नाही.

नांग्यांची सबब कोणालाही सुचली असती. अकरा झाडं उपटणंही सुचलं असतं. पण धुऱ्यालगत साधी पऱ्हाटी उभी असली तर लहान पुडी नांग्यांत वापरली हे खोटं पडतं, म्हणून ती आधी गेली पाहिजे, इतका पुढचा विचार माझ्या दादाचा नव्हता. तो विचार प्रबंध तपासणाऱ्या माणसाचा होता.

मी उठून मागच्या दारी गेले. दादा माझ्यामागून आला. गोठ्याजवळ रचून ठेवलेलं दिसलं. हिरवी पऱ्हाटी, बोंडं लागलेली, काही फुलंसुद्धा. बकऱ्या त्यातली पानं ओढत होत्या.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"दिवसभर. दोघं होतो." मग म्हणाला, "दोन गाड्या भरल्या."

"सर काय म्हणाले?"

"पुढच्या महिन्यात तुही मुलाखत हाय. कायमच्या जागेची."

"तर?"

"तर म्हणाले का हे बाहेर गेलं तर कंपनी तुले खोटी पाडन. वकील लावन. मोठ्या मोठ्या लोकांपुढं पोरीची फजिती होईन, नाव कायमचं खराब होईन. म्हणाले, ती हट्टी हाय, माह्यं आयकणार नाही. तुम्हीच वाचवा तिले. माह्या पोरीसारखी हाय म्हणाले." त्यानं डोळे पुसले, बाहीनं. "तुह्यासाठी केलं, कुंदे."

"माझ्यासाठी? का त्या फलकासाठी?"

बकरीनं एक बोंड तोडलं आणि थुंकून टाकलं.

"दोन्हीसाठी," दादा म्हणाला.

निदान एवढं तो खरं बोलला.

"मले इचारायचं होतं एकदा," मी म्हणाले.

"तू नाही म्हणाली असती."

*

इथून पुढचं मी बरीच वर्षं वेगळं सांगत आले आहे. सहकाऱ्यांना, एकदा माझ्या नवऱ्याला, एकदा एका विद्यार्थिनीला. मी सांगायचे की मी पंचनामा सरांच्या पुढ्यात टाकला, भिंग गळ्यातून काढून बॉनेटवर ठेवलं आणि पांदणीनं चालत फाट्यावर गेले. त्या विद्यार्थिनीच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं.

झालं ते असं.

जीपजवळ परत आल्यावर मी म्हणाले, मी सही करणार नाही. अधिकाऱ्यांनी सुपारी कातरत विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं, शेतमालकानं खोटं बयाण दिलं?"

मी दादाकडे पाहिलं.

"तसं असेल तर तसं लिहा. चालेल. मला काही नाही. फक्त सरकारी पंचनाम्यात खोटं बयाण म्हणजे मला पुढं कळवावं लागेल. भाऊंना दोनचार वेळा तालुक्याला यावं लागेल." ते दादाकडे वळले. "येणार ना, भाऊ?"

दादानं मान हलवली. हो म्हणून. जसं काही बाजाराला यायचं होतं.

सर माझ्या बाजूला आले. माझ्या हातातलं पेन उघडून पुन्हा माझ्या हातात दिलं. "अगं, विज्ञान एका शेतावर थांबत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट प्रयोग मांडू. तू आणि मी."

मी सही केली. लेखक, कुंदा गावंडे. दादानं पंच क्रमांक तीनपुढं सही केली. त्याची सही मीच त्याला शिकवली होती, मी सातवीत असताना. तोवर तो अंगठा देत असे.

परतीच्या जीपमध्ये सरांनी मला पुढं बसवलं. वाटेत संत्र्यांच्या ढिगाजवळ गाडी थांबवून त्यांनी एक डझन घेतली आणि एक सोलून अर्धं मला दिलं. मी खाल्लं.

*

जानेवारीत मला जागा मिळाली. मातीचा तक्ता पूर्ण झाला. कुठल्या मातीत ते विष किती दिवस टिकतं, ओल असताना किती, कोरडं असताना किती. तो माझ्या नावावर आहे आणि चांगला आहे. आजही लोक तो वापरतात.

पुढच्या वर्षी प्रयोग मांडला गेला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. वही परत मागितली तर सर म्हणाले, कपाटं बदलली तेव्हा गहाळ झाली असावी, शोधतो. चौथ्या वर्षी त्यांचा एक निबंध आला. विषारी पऱ्हाटीवर जिवंत राहणाऱ्या गुलाबी बोंडअळीची या पट्ट्यातली पहिली नोंद. गाव दुसरं, तालुका दुसरा, वर्ष अलीकडचं. सोबत बाटलीचा फोटो. आत अकरा अळ्या. एकीचं डोकं माझ्या ब्लेडनं तिरकं तुटलेलं.

मी त्यांना पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार? माझ्याच हस्ताक्षरातला पंचनामा सांगत होता की मला काही सापडलं नव्हतं.

चिंचवघळमध्ये त्यानंतर धुऱ्यालगत कोणी काही लावलं नाही. दादानंही नाही. लहान पुड्या नांग्यांत जात राहिल्या.

सातव्या वर्षी अळी आली. आली म्हणजे सगळीकडे एकदम. बाहेरून बोंड हिरवं, टणक, देखणं, आणि चिरलं की आत पिवळी घाण. वेचणीला गेलेल्या बाया रिकाम्या ओट्या घेऊन परत आल्या. गावोगाव सभा लागल्या, आणि चिंचवघळच्या सभेला कार्यालयानं मलाच पाठवलं. तिथलीच आहे, लोक ऐकतील म्हणून.

लोक ऐकत नव्हते. शाळेच्या पटांगणात दोन-अडीचशे माणसं होती. कोणी किडलेली बोंडं माझ्या टेबलावर आणून टाकत होतं. ढोक्यांचा गणपत ओरडला, "एवढे शिकलेले लोक तुम्ही, पगार घेता, कोणालेच अगोदर कळलं नाही का?"

"आन दिगूभाऊ, तुम्ही त सांगे का हे बी पेरा म्हणून," मागून कोणी तरी म्हणालं. "तुमचा तर फोटो होता."

सगळे वळले. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. केस पांढरे झाले होते. क्षणभर त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. गोठ्याजवळ पाहिलं होतं.

मग तो उभा राहिला. हात मागे बांधले.

"मले काय माहीत?" तो मोठ्यानं म्हणाला. "मी साधा शेतकरी माणूस. जाणकारांनी सांगितलं ते केलं." आणि माझ्याकडे पाहून, आयुष्यात पहिल्यांदा मला असं संबोधून, "मॅडम, तुम्हीच सांगा सगळ्यांले. तुम्हाले हे कधी कळलं?"

वहिनी बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला.

मी माझ्या भावाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, आणि या वेळी नजर चुकवत नव्हता.

"यंदाच," मी म्हणाले.